पन्नास दिवसांचा उपास आणि रोगमुक्तीचे पाच रविवार

ख्रिस्ती लोकांच्या उपवासकालाला इंग्रजीत ‘लेन्ट’ असे नाव आहे. या शब्दाचा मूळ अर्थ पाहू गेल्यास त्यात उपासही नाही आणि प्रायश्चित्तही नाही. दिवस लांबू लागतात तो ऋतू, म्हणजे आपला वसंत, एवढाच त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. तेव्हा वसंत व्याख्यानमालेत आम्ही हा विषय घेऊन उभे राहिलो, हे कोणास अप्रस्तुत वाटू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली, तेव्हापासून मराठी माणूस वसंतात ज्ञानाची मेजवानी झोडीत आला आहे. त्याच ऋतूत, थोडे आधी, त्याचा ख्रिस्ती शेजारी उपाशी असतो. आणि तो का उपाशी असतो याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्यांच्या दारांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. पण तेथेच निरनिराळ्या धर्मांची माणसे आणि त्यांचे सणवार यांची गाठ पडते. रजेचे अर्ज लिहून देता देता कोणाचा कोणता सण का मोठा, हे विचारण्याची सवय लागते. आज सांगणार आहोत ते पुष्कळसे असेच विचारून आणि मग मिळेल ते वाचून जमविलेले आहे.

वसईच्या आपल्या मराठी कॅथलिक बंधूंचा उपवासकाल बहुतेकांस ऐकून माहीत असतो. राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळावर राख लावतो. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, पण त्यांतले सहा रविवार उपासाचे धरीत नाहीत, म्हणून चाळीस. १९६६ साली सहावे पोप पॉल यांनी उपासाचे नियम सैल केले. हल्ली सक्तीचे पूर्ण उपास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, आणि तेही १८ ते ५९ या वयाच्या धडधाकट माणसांना. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे होते. चंद्रावर सण ठरविण्यात काही विचित्र आहे असे निदान आपल्याला वाटू नये.

राख, काळोख, क्रूसाची वाट, जांभळी वस्त्रे, हे सर्व पाहून पुष्कळांचा असा समज होतो, आणि तो काही ख्रिस्ती लोकांचाही असतो, की हा शिक्षेचा काळ आहे. वर्षभर पापे केली, आता चाळीस दिवस शिक्षा भोगा. पण उपासाकडे पाहण्याची एक दुसरी रीत याच धर्मात फार जुनी आहे. तीत हा काळ दुखणे बरे करण्याचा मानला जातो. आणि दुखणे बरे करणे म्हणजे नेमके काय, याविषयी त्या रीतीने जे म्हटले आहे ते आम्हांस कामगार चळवळीतल्या माणसास तरी विचार करावयास लावणारे वाटले. ही रीत आज भारतात पाहावयाची तर केरळच्या सुरियानी ख्रिस्ती मंडळींत पाहावी. आणि त्यासाठी केरळला जाण्याचीही गरज नाही. मुंबई, कल्याण, उल्हासनगर, पिंपरी-चिंचवड, जेथे जेथे मलयाळी कामगार व परिचारिका पोटासाठी आल्या, तेथे तेथे त्यांच्या मंडळ्या आहेत.

हे लोक आपली परंपरा येशूचा शिष्य थोमा याच्यापासून सांगतात. त्यांची उपासनेची मूळ भाषा सुरियानी, म्हणजे येशू बोलत असे त्या अरामी भाषेची बहीण. १६५३ साली मट्टान्चेरी येथे त्यांनी पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांचा जाच झुगारून देण्याची शपथ घेतली आणि पुढे त्यांच्यातील एका शाखेने अंत्युखियाच्या परंपरेतील पश्चिम सुरियानी विधी स्वीकारले. आम्ही सांगतो आहोत ती या शाखेची रीत. आता उपासना मलयाळीत होते, पण रविवारांची नावे सुरियानीच राहिली आहेत.

आरंभी एक जुना कागद पुढे ठेवतो. इ. स. ३२५ साली निकिया येथे ख्रिस्ती धर्माध्यक्षांची मोठी परिषद भरली. या चाळीस दिवसांचा जो अगदी जुना उल्लेख सापडतो, तो या परिषदेच्या पाचव्या नियमात. आता हा नियम कशाविषयी असावा? उपासाला काय खावे, काय खाऊ नये, याविषयी? मुळीच नाही. तो आहे मंडळीतून बाहेर काढलेल्या माणसांविषयी. प्रत्येक प्रांतात वर्षातून दोनदा धर्माध्यक्षांनी एकत्र बसावे आणि कोणाला बाहेर काढले असेल तर ते योग्य कारणाने काढले, की एखाद्या धर्माध्यक्षाच्या कोत्या मनामुळे, भांडखोरपणामुळे किंवा रागालोभामुळे काढले, याची चौकशी करावी. आणि यांतली पहिली बैठक चाळीस दिवसांच्या आधी घ्यावी, म्हणजे मनांतली कटुता निघून जाऊन अर्पण शुद्ध होईल. आमच्या भाषेत सांगावयाचे तर उपास सुरू होण्यापूर्वी बडतर्फीची सर्व प्रकरणे पुन्हा तपासा. हे वाचले तेव्हा आम्ही ते दोनदा वाचले. सतराशे वर्षांपूर्वी बडतर्फीविरुद्ध अपिलाची सोय होती आणि तिची तारीख उपासाच्या तोंडाशी बांधलेली होती!

हे मनात धरून सुरियानी मंडळींचा उपास पाहू. ते त्याला मोठा उपास किंवा पन्नास दिवसांचा उपास म्हणतात. पहिल्या रविवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत दोन्ही धरून मोजले तर बरोबर पन्नास दिवस भरतात. मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य. केरळसारख्या मुलखात मासे सोडणे म्हणजे काय, हे आमच्या कोकणातल्या श्रोत्यांना सांगावयास नको. उपास लागण्याच्या आदल्या रात्री घरातले मांस-मासे संपवून भांडी घासूनपुसून ठेवतात. या रात्रीला तिकडे ‘पेतुर्था’ असा शब्द आहे. चातुर्मासापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी होते आणि दोन दिवसांचे कांदे एका दिवशी खाल्ले जातात, तशातलाच हा प्रकार. गोव्याचा कार्निव्हल हा त्याचाच दांडगा भाऊ. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपण आपल्यासाठी केली असली तरी ती पुष्कळ धर्मांना लागू पडते.

पहिल्या रविवारचे नाव ‘कोथीने’, म्हणजे काना गाव. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ती कथा त्या दिवशी वाचतात. उपासाची सुरुवात लग्नघरातून करणारी ही माणसे रडक्या स्वभावाची नसावीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, जो विधी होतो त्याला ‘शुब्कोनो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ क्षमा. देवाची क्षमा मागणे हे कोणत्याही धर्मात असतेच. येथे माणसे एकमेकांची मागतात. आधी धर्मगुरू लोकांपुढे गुडघे टेकून आपले चुकलेमाकले माफ करा म्हणतो, मग लोक त्याच्यापुढे आणि मग आपसांत. सासू सुनेपुढे, भाऊ भावापुढे, मंडळीचा खजिनदार त्याच्या हिशोबावर संशय घेणाऱ्यापुढे वाकतो. आता यातले किती जण मनापासून वाकतात आणि किती जण कवाईत म्हणून, हा प्रश्न कोणीही विचारील. आम्हीही एका परिचारिकेला विचारला. ती म्हणाली, “साहेब, मनातले देवाला माहीत. पण वाकल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणे टाकता येत नाही, सगळ्यांनी पाहिलेले असते.” समेट अधिकाऱ्यापुढे झालेल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, त्या याच कारणाने.

यानंतर येतात ते पाच रविवार. प्रत्येकाला शुभवर्तमानातल्या एका रोगमुक्तीचे नाव आहे. ‘गर्बो’ म्हणजे कुष्ठरोगी. ‘म्शरियो’ म्हणजे पक्षाघात झालेला. ‘क्नानैथो’ म्हणजे कनानी स्त्री. ‘क्फिफ्थो’ म्हणजे कमरेत वाकलेली बाई. ‘साम्यो’ म्हणजे आंधळा. एखाद्या रुग्णालयाच्या भरती-वहीसारखी ही यादी वाटते. पण या पाचही कथा जवळ ठेवून वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकीत रोग बरा होणे हे अर्धेच काम आहे. रोगामुळे माणूस कोठून तरी बाहेर पडलेला आहे, किंवा त्याला आत येऊ दिलेले नाही. आणि त्याला आत घेताना कोणी तरी नियमावर बोट ठेवून आडवा येतो.

कुष्ठरोग्याचे पाहा. मार्कच्या शुभवर्तमानात येशू त्याला आधी हात लावतो, मग बरे करतो. हात लावण्याची परवानगी शास्त्रात नव्हती. बरा झाल्यावर त्याला सांगतो की जा, याजकाला अंग दाखव आणि नियमाप्रमाणे अर्पण कर. कारण माणूस शुद्ध झाला असे याजकाने जाहीर केल्याशिवाय त्याला गावात पाऊल टाकता येत नसे. कारखान्यात दुखण्यावरून परत येणाऱ्याला डॉक्टरचा ‘कामास योग्य’ असा दाखला लागतो, तो नसेल तर दारावरचा पहारेकरी आत सोडीत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि मार्कने कथेच्या शेवटी एक वाक्य असे घातले आहे की ते सहज नजरेतून निसटावे: या बातमीचा बोभाटा झाल्यावर येशूलाच गावांत उघडपणे जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. रोगी आत आला आणि वैद्य बाहेर गेला.

पवित्र शास्त्रात ज्याला कुष्ठ म्हटले आहे त्यात त्वचेचे अनेक विकार येत असत; हान्सेनने १८७३ साली जंतू शोधला तो रोग नेमका तोच असे म्हणता येत नाही. पण बहिष्कार तोच होता. महाराष्ट्राला हे वेगळे सांगावयास नको. सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. औषधाचा प्रश्न आज राहिलेला नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हापासून हा रोग खात्रीने बरा होतो. तरीसुद्धा १८९८ सालचा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले ते २०१९ साली. म्हणजे गोळी मिळाल्यावर दाखला मिळण्यास सुमारे पस्तीस वर्षे लागली. गर्बो रविवारी जे वाचतात ते इतके शिळे नाही.

दुसरी कथा आम्हांस सर्वांत आवडते. युनियनच्या माणसाला ती आवडणारच. पक्षाघात झालेल्या माणसाला चार जणांनी खाटेवर घालून आणले. घरात इतकी गर्दी की दारातून शिरता येईना. तेव्हा ते छपरावर चढले, छप्पर उकलले आणि खाट वरून खाली सोडली. घरमालकाच्या छपराचे काय झाले हे मार्कने लिहिलेले नाही. पण येशूने कोणाचा विश्वास पाहिला? मूळ मजकुरात अनेकवचन आहे: ‘त्यांचा’. खाटेवरचा माणूस कथेच्या शेवटापर्यंत एक शब्द बोलत नाही. त्याचा विश्वास किती, त्याची लायकी किती, कोणी विचारले नाही. चौघांनी उचलले, एवढ्यावर काम झाले. आम्ही कित्येक माणसे पाहिली आहेत, अपघातात हात गेलेली, नोकरी गेल्यावर घरात तोंड लपवून बसलेली, ज्यांच्याने युनियनच्या कचेरीची पायरीसुद्धा चढवत नव्हती. अशा माणसाला स्वतःच्या हक्कासाठी स्वतः उभे राहा असे सांगणे ही थट्टा आहे. त्याला चार खांदेकरी लागतात, आणि मेल्यावर मिळणारे चार नव्हेत.

कनानी स्त्रीची कथा अवघड आहे आणि ती गोड करून सांगू नये. ही परमुलखातली, परजातीची बाई. मुलगी आजारी म्हणून येशूच्या मागे ओरडत येते. तो आधी बोलतच नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवा. मग तो तिला ऐकवतो की लेकरांची भाकरी कुत्र्यांना घालणे बरे नव्हे. ती मागे हटत नाही. धन्याच्या मेजाखाली पडलेले तुकडे कुत्रीही खातात, असे तिथल्या तिथे उत्तर देते. आणि तो हरतो. आम्ही तरी ही कथा अशीच वाचतो. मुलगी बरी झाली ती आईने वाद जिंकला म्हणून.

आता हीच कथा दरसाल वाचणाऱ्या मंडळींनी स्वतः काय केले, हेही सांगितले पाहिजे. केरळात पुलया, परया जातींचे जे लोक ख्रिस्ती झाले त्यांना सुरियानी ख्रिस्ती लोकांनी बरोबरीने वागविले नाही. पोयकयिल योहन्नान (१८७९-१९३९) हे परया जातीत जन्मलेले उपदेशक आणि कवी. ते सुरियानी परंपरेतून निघालेल्या मार्थोमा मंडळीत गेले, तेथे जात सुटली नाही म्हणून बाहेर पडले, दुसऱ्या पंथातही तोच अनुभव आला आणि अखेर १९०९ च्या सुमारास त्यांनी आपल्या लोकांची वेगळी सभा स्थापन केली. कनानी बाईला तुकडे तरी मिळाले; यांना मेजाखालीही जागा नव्हती. रविवारी वाचलेले सोमवारी विसरणे ही काही एका धर्माची मिरास नव्हे, हे आम्ही जाणतो. वारीतली समता पंढरपूरची वेस ओलांडून गावी येते का, हा प्रश्न आपल्यालाही आहेच.

या रविवारनंतरच्या बुधवारी उपासाचा मध्य येतो. त्या दिवशी देवळाच्या ऐन मधोमध, लोकांच्या गर्दीत, क्रूस उभा करतात.

मग वाकलेली बाई. लूकने तिची हकीकत दिली आहे: अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली होती, तिला सरळ उभे राहता येत नव्हते. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात येशूने तिला बोलावून घेतले आणि बरे केले. सभास्थानाचा अधिकारी चिडला. पण त्याने येशूला जाब विचारला नाही. तो लोकांवर ओरडला: कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. वरच्याला बोलता येत नाही म्हणून खालच्यांवर खेकसणारा हा मुकादम आम्ही प्रत्येक कारखान्यात पाहिला आहे. येशूचे उत्तर असे की तुम्ही शब्बाथ असला तरी आपला बैल, आपले गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता. मग या बाईला अठरा वर्षांच्या बांधणीतून सोडवायला कोणता वार हवा? मूळ ग्रीक मजकुरात बैल सोडण्याला आणि बाई सोडविण्याला एकच क्रियापद वापरलेले आहे. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना हा युक्तिवाद वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

भात लावणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या बायकांच्या पाठी आपण पाहतोच. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची हकीकत विधिमंडळापर्यंत गेली. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसले तर खाडा धरतात, मुकादम दंड कापतो, म्हणून कित्येकींनी तरुणपणीच गर्भाशय काढून टाकले होते. रोग बरा करण्याची ही उलटी तऱ्हा. कामाचे दिवस मोडू नयेत म्हणून शरीर मोडावयाचे. क्फिफ्थो रविवारच्या उपदेशात ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पाचवा रविवार जन्मांध माणसाचा. ही कथा योहानाने फार लांबवून सांगितली आहे. आम्ही तिच्यातली एकच गोष्ट घेतो. त्याला पाहताच शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? गिरणीत पंचवीस वर्षे सुताचे तंतू छातीत घेतलेला कामगार खोकत गेला की मालकाचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारी, विडी ओढतोस का? प्रश्न तोच आहे. येशूने तो प्रश्नच फेटाळला आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. मग शेजारी, परूशी, सर्वांनी त्याची उलटतपासणी केली. आईबापांनी भीतीने हात झटकले. शेवटी त्याला सभास्थानातून हाकलून दिले. दिसू लागले तोच बडतर्फ. तो बाहेर घालवला गेल्याचे ऐकून येशू त्याला शोधीत गेला, असे योहान सांगतो. निकियाचा पाचवा नियम करणाऱ्यांना ही कथा तोंडपाठ असणार.

असे हे पाच रविवार. या रीतीमागे जी विचारसरणी आहे तिचा मोठा आचार्य म्हणजे चौथ्या शतकातला संत एफ्रेम. निसिबिस आणि एदेसा या गावी तो राहिला. त्याच्या स्तोत्रांत पाप हे जखमेच्या रूपाने येते आणि ख्रिस्त हा वैद्य. ‘जीवनाचे औषध’ हा सुरियानी भाषेतला लाडका शब्दप्रयोग आहे. आणि त्यातला ‘साम’ हा शब्द असा की तोच औषधालाही चालतो आणि विषालाही. ग्रीक शुभवर्तमानातही ‘बरा झालास’ आणि ‘तरलास’ यांना एकच क्रियापद आहे. आमचे मराठी ख्रिस्ती बंधू या दुसऱ्या अर्थाला ‘तारण’ म्हणतात. सावकार आणि बँका मात्र हाच शब्द गहाणवटीला वापरतात, त्याकडे पुन्हा येऊ.

एफ्रेमची जी गोष्ट जुन्या ख्रिस्ती इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे ती स्तोत्रांची नव्हे. एदेसात मोठा दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या कोठारांत धान्य होते आणि रस्त्यावर माणसे मरत होती. एफ्रेम आपल्या कोठडीतून बाहेर आला आणि श्रीमंतांना बोलला. त्यांचे म्हणणे असे पडले की आम्ही देऊ हो, पण वाटप करावयास भरवशाचा माणूस कोठे आहे? हे उत्तर आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे. एफ्रेमने विचारले, मी चालेन का? त्याला नाही म्हणता येईना. मग त्याने पैसा घेतला, सार्वजनिक ओसऱ्यांत सुमारे तीनशे खाटा टाकल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. दुष्काळ सरल्यावर तो कोठडीत परतला आणि थोड्याच दिवसांत वारला. साल ३७३.

तीनशे खाटा म्हटल्या की आमच्या मनात दुसरा प्रश्न येतो: रात्री त्यांच्याजवळ कोण जागत होते आणि त्यांना काय मिळत होते? आज भारताच्या रुग्णालयांतून आणि परदेशांतून खाटेजवळ जागणाऱ्या परिचारिकांत केरळच्या ख्रिस्ती घरांतल्या मुली पुष्कळ आहेत. मासे, दूध सोडून त्या पन्नास दिवस रात्रपाळ्या करतात. आजाऱ्याला, गरोदर बाईला, कष्टकऱ्याला उपासातून सूट असते, पण त्या ती घेत नाहीत. एका खाजगी रुग्णालयात आम्ही त्यांची बाजू घेऊन गेलो होतो. तेथे त्यांची मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाने तिजोरीत ठेवून घेतली होती; नोकरी सोडावयाची तर बंधपत्राची रक्कम भरा, मग कागद मिळेल. पदवीच तारण! २०११-१२ साली मुंबई, दिल्ली, केरळ येथे परिचारिकांचे संप झाले ते अशा गोष्टींवरून. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना निदान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारस. ती कायदा नव्हे.

धर्मादाय संस्थांची, ख्रिस्ती संस्थांचीही, काही रुग्णालये या बाबतीत मालकांहून निराळी वागली नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्याच शास्त्रात एक उतारा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८ वा अध्याय. रोमन कॅथलिक देवळांत तो राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आणि शनिवारी वाचला जातो, म्हणजे वसईत तो मराठीतून ऐकावयास मिळतो. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू लक्ष दिले नाहीस. उत्तर येते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच धंदा पाहता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. मला हवा असलेला उपास म्हणजे जोखड मोडणे, बांधलेल्यांना सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, उघड्याला वस्त्र देणे. आणि मग, हे झाल्यावर, तुमची जखम लवकर भरून येईल. येथे ‘सोडणे’ आधी आहे आणि ‘भरून येणे’ नंतर. हा क्रम आम्ही त्या व्यवस्थापनाच्या एका धर्मनिष्ठ विश्वस्तांपुढे अध्यायाच्या आकड्यासह मांडला. त्यांनी वहीत आकडा टिपून घेतला. तीन आठवड्यांनी अकरा प्रमाणपत्रे परत मिळाली. बाकीच्यांसाठी न्यायालयात जावे लागले.

कॅरिटास इंडिया ही कॅथलिक संस्था उपवासकालात भूक आणि रोग यांविरुद्ध मोहीम चालविते. घरोघर वाचलेला पैसा तीत जमा होतो. हे चांगलेच आहे. पण वाचवून दिलेले दान आणि थकवून ठेवलेले वेतन यांचा हिशोब एकाच वहीत मांडला पाहिजे, एवढे आमचे म्हणणे.

उपासाचा चाळिसावा दिवस शुक्रवारी येतो. मग लाजरसाचा शनिवार, झावळ्यांचा रविवार आणि दुःखसहनाचा आठवडा. शुभ शुक्रवारी सुरियानी मंडळींची उपासना सकाळी सुरू होते ती दुपार कलेपर्यंत चालते. मधून मधून शेकडो माणसे एकदम गुडघ्यांवर जातात आणि उठतात. अखेरीस प्रत्येकाला कडू घोट देतात, क्रूसावर येशूपुढे आंब धरली होती तिची आठवण म्हणून. लहान मुले तोंडे वेडीवाकडी करतात आणि मोठी माणसे हसू दाबतात. नंतर देवळाच्या आवारात पंगत बसते. पानात तांदळाची पेज आणि हिरव्या मुगाची उसळ, दुसरे काही नाही. एका उपनगरातल्या मंडळीत आम्ही त्या पंगतीत होतो. वाढणारे मंडळीचे वडीलधारे होते, आणि रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या परिचारिकांना त्यांनी आधी वाढले.